कडुनिंबाखालची जागा

आमच्या चौकात नवं शिल्प कुठे बसवायचं ते ठरवायला नगरपालिकेची माणसं आली. शिल्प अजून तयार नव्हतं, म्हणून त्यांनी शिपाई गणपतरावांनाच हात वर करून स्टुलावर उभं केलं. मी गॅलरीतून बघत होतो. "अजून थोडं डावीकडे," साहेब छत्रीखालून सांगत होते. भर उन्हात सहा जागा झाल्यावर गणपतराव म्हणाले, "साहेब, त्या कडुनिंबाखाली बघू या का?" तिथे ते इतके प्रसन्न दिसले, की जागा लगेच पक्की झाली.

आता ते शिल्प फांद्यांआड गेलंय, डोक्यावर कावळे बसतात. लोक हसतात. मला मात्र गावातल्या इतर पुतळ्यांचीच कीव येते. बिचारे बारा महिने उन्हात उभे आहेत; त्यांच्या जागा छत्रीवाल्यांनी ठरवल्या.