नाव नसलेला गुंड

बाबा गेल्याची तार आली तेव्हा मी अंगणात तांदूळ पाखडत होते. यजमानांनी तार वाचून दाखवली, मी ऐकली आणि पुन्हा सूप हातात घेतलं. रडू आलं नाही. याची आज लाज वाटते, म्हणून आधीच सांगून टाकते.

माझे बाबा म्हणजे सिनेमातले खलनायक गणपतराव. केशोरी गावातली धानशेती धाकट्या भावावर, सोमाकाकांवर सोपवून ते पुण्याच्या स्टुडिओत गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. आई आधीच गेली होती, म्हणून काकांनीच मला वाढवलं. बाबा वर्षातून एकदा, दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरे त्या दिवसांत यायचे. गोड बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. माझी वेणी ओढून विचारायचे, "काय गे, शिकून राहिली का म्हशी राखून राहिली?" आणि स्वतःच गडगडून हसायचे. तेच हसू पडद्यावर आलं की बाया पोरांचे डोळे झाकत...

माझं लग्न अर्जुनीत ठरलं, त्याच सुमारास गोंदियाला तंबूत त्यांचा बोलपट लागला. त्यात ते पोटच्या लेकीला लाथ मारून घराबाहेर काढतात. नाटकातला राक्षस आमच्या लोकांना पडद्यामागे चहा पिताना दिसतो, त्यामुळे त्याचा कुणी राग धरत नाही. सिनेमाचं तसं नव्हतं. घडल्याशिवाय फोटो निघेल कसा, असा सरळ हिशेब होता.

लग्नाला बाबा आले नाहीत. 'शूटिंग आहे', एवढीच चिठ्ठी. आमच्याकडे मांडवात नवरा-नवरीचे पाय पखारतात. आधी आईबाप परातीत पाय धुतात, मग सगेसोयरे आणि गावकरी ओळीनं बसून पाय धुतात आणि आंदण ठेवतात. बापाच्या जागी काका बसले. मी रागानं धुमसत होते. त्या ओळीत एक दाढीवाला म्हातारा आला. पाणी वाहून गेलं तरी माझे पाय सोडीना. मी पाय ओढून घेतले आणि फटकन म्हणाले, "उठा न बुवा, मांगं लोकं उभे हायेत." तो उठला, पाणी भरायचा एक पितळी गुंड ठेवून निघून गेला.

सगळ्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव कोरलेलं होतं, त्या गुंडावर नव्हतं. सासरी त्याला 'बेवारस गुंड' म्हणत. मीही म्हणे. बाबांची पत्रं यायची, मी एकालाही उत्तर दिलं नाही. शेजारणींनी विचारलं, "सिनेमातला तो तुहाच बाप न?" तर मी सांगायची, "नाही, आमच्या गावचे आहेत कोणी."

बाबांचं तेरावं झाल्यावर काकांनी मला केशोरीच्या घरी जवळ बसवलं. म्हणाले, "तुह्या आजेसासूनं तो सिनेमा पाह्यला होता. 'ज्यानं पोरीले लाथ मारली, त्याचा हात माह्या नातसुनेच्या पायाले नाही लागला पाहिजे,' म्हणे. सोयरीक मोडाले आली होती."

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"

"त्यानं शपथ घातली होती. म्हणे, 'पोरगी नव्या घरावर राग धरून जाईन, तं जलमभर तिथंच राहाचं हाये तिले. त्यापेक्षा माह्यावर धरू दे...' पण राहावलं नाही त्याले. दाढी लावून आला होता. तो गुंडवाला म्हातारा तोच होय."

माझे पाय किती वेळ बाबांच्या हातात होते, ते मी आठवू लागले. फार वेळ नव्हते. मीच राहू दिले नाहीत.

गेल्या आठवड्यात भांड्यांवर नावं घालणारा दारात आला. मी गुंड घासून पुसून त्याच्यापुढे ठेवला. ओसरीवर आजेसासूबाई वाती वळत बसल्या होत्या. त्यानं नाव विचारलं, मी सांगितलं. त्याचा हात थांबला.

"तो सिनेमातला बदमाश?"

वाती वळणारी बोटंही थांबली. मी त्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "हो, तोच. माहा बाप होय."

मग छिन्नीचे ठोके पडू लागले, आणि मला रडू आलं.