तांब्याचं फूल

रेचलचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होतो. "दादा, पप्पा गेले..." एवढंच ती मराठीत बोलू शकली, पुढचं सगळं इंग्रजीत. डेव्हिडकाकांना जाऊन आता सात आठवडे झाले. रडून झालं आहे. हा लेख मी रागातून लिहितो आहे आणि तो राग लपवणार नाही.

किनवटच्या जिल्हा परिषद शाळेतून निघून मी लीड्सला धातुशास्त्र शिकायला आलो, तेव्हा आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच होतो. काकांच्या घरी वरची खोली भाड्यानं मिळाली. काका मूळचे अलिबागकडचे, मराठी बोलणारे ज्यू. इथल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून त्यांनी आयुष्य काढलं. माझा प्रबंध त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतला, ओळ न् ओळ. "काय लिहिलंयस ते आधी तुझ्या कानाला कळू दे," म्हणायचे. आज माझ्या नावामागे डॉक्टर लागतं ते त्या टेबलामुळे.

काकांना शिकारीचा नाद होता. सात-आठ जणांच्या गटानं स्कॉटलंडमध्ये एक डोंगर भाड्यानं घेतला होता. तिथल्या तांबड्या हरणाला काका सांबरच म्हणत. मारलेलं सांबर ते स्वतः मात्र खात नसत, कारण त्यांच्या धर्मात सुरीनं, विधीनं कापलेलंच चालतं, बंदुकीचं नाही. मांस ते गल्लीतल्या लेकुरवाळ्या घरांना वाटायचे. मी बौद्ध, पंचशील घेतलेला. दुर्बीण धरायला जायचो, बंदूक धरायला नाही. काका हसायचे, "तू मारत नाहीस, मी खात नाही. सांबराला कळलं तर म्हणेल, मग आलात कशाला मेल्यांनो!"

वाटायचं मांस लहान मुलांच्या ताटात जातं, म्हणून ते शिशाची गोळी वापरत नसत. शिसं हाडावर आपटलं की फुटतं, त्याचे बारीक कण मांसात लांबवर पसरतात. तांब्याची गोळी फुटत नाही. तिचं तोंड उमलतं, चार पाकळ्या मागे वळतात आणि वजन जवळजवळ तेवढंच राहतं. पण ती उमलायला वेग लागतो. फार लांबून मारली तर सुईसारखी आरपार जाते आणि जनावर तडफडतं. म्हणून काका जवळ जायचे, ओल्या गवतातून पोटावर सरपटत. "फूल झालं पाहिजे," म्हणायचे, "नाहीतर गोळी उडवूच नये." गटातला ग्रॅहम यावर खदखदून हसायचा. "तांबं प्लंबरसाठी असतं, डेव्हिड."

एका ऑक्टोबरात डोंगरावर काका, ग्रॅहम आणि मी असे तिघंच होतो. ग्रॅहमला दम धरवला नाही, त्यानं लांबूनच बार काढला. दुर्बिणीत मला स्पष्ट दिसलं... सांबर पाठीत वाकलं आणि मान खाली घालून हळूहळू चालू लागलं. गोळी पोटात लागली होती. "असं सोडायचं नाही याला," एवढं पुटपुटून काका पुढे सरपटत गेले. अर्ध्या तासानं त्यांचा एकच बार ऐकू आला. सांबरानं उडी घेतली, वीसेक पावलं पळालं आणि कोसळलं.

खाली शेडमध्ये सगळा गट जमला. सांबर टांगलेलं, अंगावर दोन जखमा. कोणी विचारायच्या आतच ग्रॅहम म्हणाला, "खांद्यातली माझी. पोटातली डेव्हिडची. मला निस्तरावं लागलं." मी तोंड उघडलं, तर काकांनी बुटानं माझा पाय दाबला. कातडं सोलताना खांद्याच्या पलीकडच्या बाजूला, कातड्याखाली, काकांच्या बोटाला काहीतरी लागलं. त्यांनी ते पुसलं आणि गुपचूप खिशात टाकलं.

परतताना मी गाडीत चिडलो. "काका, तुम्ही बोलला का नाहीत?"

"या गटात शिरायला मला सहा वर्षं लागली रे. भांडलो तर म्हणतील, बघा, ही माणसं अशीच."

पुढच्या हंगामात त्यांना बोलावणं आलंच नाही. जनावर जखमी करणारा माणूस गटाला नको होता. ती शिंगं मात्र गट जेवायला जमतो त्या पबच्या भिंतीवर लागली, खाली पितळी पट्टीवर ग्रॅहमचं नाव. काकांनी बंदूक विकली. मी गप्प राहिलो, हे माझं पाप.

अंत्यविधीनंतर लोक काकांच्या घरी बसायला आले. त्यांच्या टेबलाशी, त्यांच्या खुर्चीत बसून ग्रॅहम म्हणाला, "गोड माणूस. नेम मात्र... असो." रेचलनं माझा हात घट्ट धरला म्हणून त्या दिवशी तो वाचला. तो गेल्यावर तिनं काकांची तपकिरीची डबी माझ्या हातात दिली. आत ती गोळी होती. चार पाकळ्या, तांबूस, अखंड. मी ती प्रयोगशाळेत तपासली. निव्वळ तांबं, शिशाचा कणही नाही.

त्या पबमधल्या गटाच्या पुढच्या जेवणाला मी रेचलबरोबर गेलो. सूप आलं तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल असं, अगदी अदबीनं विचारलं, "ग्रॅहम, तुम्ही कधी तांब्याची गोळी वापरली आहे का?"

"आयुष्यात नाही. तांबं प्लंबरसाठी असतं." सगळे हसले.

मी डबी उघडून त्याच्या बशीशेजारी ठेवली. "मग ही त्या सांबराच्या खांद्यातून कशी निघाली?"

कोणी चमचा उचलला नाही. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. मी नजर हटवली नाही, पोटभर पाहून घेतलं. आठवड्यानं पितळी पट्टी निघाली. गटानं काकांचं नाव घालायचं विचारलं, रेचलनं नको म्हणून कळवलं.

बरं वाटलं का? वाटलं. फार बरं वाटलं.

पट्टी निघाली त्या संध्याकाळी मी काकांसारखा मालिदा करून पाहिला. नवस फिटला की ते गोड पोहे, नारळ, वेलची घालून करायचे. माझ्या पोह्यांचा लगदा झाला, तरी खाल्ले. डबी आता माझ्या स्वयंपाकघरात फळीवर असते, तिथेच मी फोनही ठेवतो. ग्रॅहमचा फोन येतो अधूनमधून. माफी मागायची असेल, कोण जाणे. फोन थरथरला की शेजारची डबी खुळखुळते. काकांनी उचलला असता. मी चहा ढवळत उभा राहतो आणि ती थांबेपर्यंत ऐकतो.