अर्डिथचा होकार

अर्डिथ कोलस्टाड आमच्या तळावर पहिल्यांदा आली तेव्हा एकोणसत्तर वर्षांची होती. बिगहॉर्न डोंगराच्या पायथ्याशी, घाट सुरू होतो तिथेच आमचा तळ. मोटरहोम, म्हणजे घरगाडी घेऊन फिरणारे लोक घाट चढायच्या आधी एक-दोन दिवस इथे टेकतात. मी ऑफिस सांभाळते. अर्डिथ एकटीच, मोठी घरगाडी स्वतः चालवत आली. मागे दांड्याला जोडलेली छोटी लाल गाडी चारही चाकांवर धावत होती. दोन दिवसांसाठी आली आणि सहा उन्हाळे येत राहिली. आल्यागेल्याला जागा दाखवायची, नळ जोडून द्यायचे, एवढं काम ती करायची. त्या बदल्यात तिची जागा फुकट.

नॉर्थ डकोटात मायनॉटला तिने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. बोलणं तसंच, मागच्या बाकापर्यंत पोचेल असं.

पण तळावर तिची ख्याती वेगळ्याच कारणाने होती. कोणाच्याही घरगाडीमागे छोटी गाडी दिसली की ही तिकडे जाणारच. "गाडी छान आहे हो. पुस्तक काय म्हणतंय?" पुस्तक म्हणजे गाडीबरोबर येतं ते. नव्वद टक्के लोकांनी ते उघडलेलंही नसायचं. मग ही समोरच्या खणातून ते काढायला लावायची, ओढण्याबद्दलचं पान शोधायची आणि मालकालाच मोठ्याने वाचायला सांगायची. काही लोक हसायचे, काही चिडायचे. एक मिसूरीचा दाढीवाला म्हणाला होता, "बाई, मी चाळीस वर्षं गाड्या चालवतोय." ही म्हणाली, "मग वाचता येत असेलच की."

या वेडाचं कारण तिचा नवरा लाइल. ते तिने मला दुसऱ्या उन्हाळ्यात सांगितलं. मी आणि ती कपडे वाळत घालत होतो.

"लाइलने नवी गाडी आणली तेव्हा मीच विचारलं होतं गं, ही ओढता येते का. तो म्हणाला, न्यूट्रल म्हणजे न्यूट्रल. सगळ्या गाड्या सारख्याच." तिने चिमटा तोंडातून काढला. "इंजिन बंद असलं की तिच्या गिअरबॉक्समध्ये तेल फिरत नव्हतं. चाकं फिरतायत, आत सगळं कोरडं घासतंय. आणि एवढ्या मोठ्या घरगाडीत पुढे बसलेल्याला मागचं काही म्हणजे काही कळत नाही. मी चालवत होते. लाइल मागच्या पलंगावर झोपला होता. एक ट्रकवाला शेजारून जाताना जोरजोरात हात करायला लागला. मला वाटलं, भला माणूस आहे. मीही हात केला."

तिने पुढचा चिमटा लावला.

"दुसऱ्यानेही केला. त्यालाही मी हात केला, मर्ना."

ओढलेली गाडी पेटली होती आणि आग घरगाडीत शिरली होती. लोकांनी लाइलला मागच्या खिडकीतून ओढून काढलं. धुराने त्याची फुप्फुसं कायमची गेली होती. नाकात नळी घालून तो दोन वर्षं जगला. तो गेल्यावर अर्डिथने दुसरी घरगाडी घेतली, मागे ओढायला साध्या, हाताने टाकायच्या गिअरची लाल गाडी घेतली आणि रस्त्याला लागली. ती गाडी ओढलेली चालते असं तिच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं. लोक म्हणाले, असं घडल्यावर पुन्हा कसली फिरते ही बाई. ती म्हणायची, घरात बसून मी कोणाला विचारणार?

आता जे सांगायचं ते सहाव्या उन्हाळ्याचं.

जूनमध्ये तिने कॉफीचं भांडं चुलीवर जाळलं. ते कोणाचंही जळतं. मग आयोवाच्या एका जोडप्याला तिने तिसऱ्या दिवशी नव्याने नाव-गाव विचारलं. मला दोनदा 'इन्गा' म्हणाली. इन्गा तिची बहीण, जाऊन वीस वर्षं झालेली. ऑगस्टमध्ये एके सकाळी ती आपल्या घरगाडीमागे उभी होती. दांडा एका हातात, खिटी दुसऱ्या हातात. मी कचऱ्याचा डबा ओढत जवळून गेले, परत आले, तरी ती तशीच उभी. मला बघितल्यावर हसली. "काय बघतेस? कंबर धरलीय."

कंबर धरली नव्हती, हे मला कळलं होतं. पण मी काही बोलले नाही. मैत्रिणीला असं कोण सांगतं? आणि खरं सांगायचं तर सीझन संपायला महिना राहिला होता. तिच्याशिवाय मला तळ सांभाळता आला नसता.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आर्कान्साहून रॉइस आणि डेल्फा टर्लिंग्टन आले. साठीतली माणसं, घरगाडी नवीकोरी. आतापर्यंत रॉइस घरगाडी चालवायचा आणि डेल्फा पांढरी छोटी गाडी घेऊन मागून यायची. तिच्या डाव्या गुडघ्याला पट्टा होता. ऑफिसात नाव लिहिताना मी विचारलं, दुखत नाही का? ती म्हणाली, "या गाडीत डावा पाय लागतोय कुठे? पण एकटं चालवून कंटाळले बाई. दिवसभर याच्या गाडीचं ढुंगण बघत बसायचं." वाटेत तिच्या दिराने त्यांना ओढायचा दांडा बसवून दिला होता. उद्या पहिल्यांदाच जोडून न्यायची, असा बेत होता.

संध्याकाळी पाचच्या सुमारास मी धुतलेल्या चादरी घेऊन त्यांच्या जागेवरून जात होते. अर्डिथ त्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर हात फिरवत होती.

"अहो, ही तर माझ्या लालीची बहीणच. तीच कंपनी, तेच मॉडेल."

"म्हणजे ओढता येईल ना?" रॉइस म्हणाला. "तुम्ही यातल्या जाणकार आहात असं सगळे सांगतात."

"खुशाल ओढा. न्यूट्रलमध्ये टाका आणि चला. मी सहा वर्षं ओढतेय."

डेल्फाने टाळी वाजवली. मला काहीतरी टोचलं. काय ते कळेना. चादरी जड होत्या. मी पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वानऊला टर्लिंग्टन गेले. डोंगराच्या माथ्यावर ढग उतरले होते. बर्फ लवकर पडेल असं सगळे म्हणत होते. अर्डिथ कॉफी घेऊन ऑफिसात आली आणि खिडकीशी उभी राहिली.

"चांगली माणसं होती. साध्या गिअरची गाडी घेतली ते बरं केलं. हल्ली कोण घेतं?"

डेल्फाचा डावा पाय मला त्या क्षणी आठवला. साध्या गिअरच्या गाडीत क्लच डाव्या पायानेच दाबतात. म्हणजे त्यांची गाडी ऑटोमॅटिक होती, लाइलच्या गाडीसारखी.

"अर्डिथ," मी म्हटलं, "तू पुस्तक बघितलंस का त्यांचं?"

"बघितलं असेल की."

"बघितलंस का?"

तिने कप खाली ठेवला. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मी मैत्रिणीला नव्हे, कुणा म्हातारीला बघत होते. मग ती दाराकडे निघालीच. "फोन लाव," ओरडली.

घाटात फोन लागत नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. तरी मी दोनदा लावला. मग तिच्या लाल गाडीत बसले. चालवायला तीच बसली. मला भीती वाटली, पण तिच्या हातांना रस्ता पाठ होता. विसरली होती ती दुसरंच काहीतरी. ते नेमकं काय, हे मात्र तिलाही ठरवता येत नव्हतं आणि मलाही.

तिसऱ्या वळणावर रस्त्यावर तेलाचा पहिला डाग दिसला. नाण्याएवढा. मग पन्नास पावलांवर दुसरा. सहाव्या वळणापासून डाग जवळजवळ पडलेले. मग त्यांची रेघ झाली, काळसर, वळणागणिक उजवीकडे सरकत जाणारी. काचा बंद होत्या तरी जळका वास आत आला. वर ढगात शिरलो तेव्हा रेघच काय ती दिसत होती, आणि ती रेघ बघत अर्डिथ चालवत होती.

माथ्याच्या अलीकडे ते दिसले. पांढऱ्या गाडीच्या पोटाखालून धूर निघत होता आणि ढगात मिसळत होता. अर्डिथने हॉर्नवर हात दाबून धरला. रॉइस भला माणूस. आम्हाला पुढे जायला जागा हवी असं समजून त्याने घरगाडी कडेला घेतली आणि चालवतच राहिला. अर्डिथ पुढे गेली, बरंच अंतर ठेवून त्याच्यासमोर आडवी गाडी घालून हळूहळू थांबली. तोही थांबला, खिडकीतून डोकं काढलं.

"अहो बाई, काय चाललंय काय?"

"डेल्फाला खाली उतरवा! आधी ती उतरू दे!"

तोवर गाडीखाली ज्योत दिसायला लागली होती. अर्डिथने आपल्या गाडीतून आग विझवायचं नळकांडं काढलं आणि माझ्याकडे बघितलं. "दगड लाव. मागच्या चाकांना. सुटली तर खाली दरीत जाईल." मी दगड लावले. घाईत एक दगड माझ्याच पायावर पडला. तिने नळकांडं रिकामं केलं, ज्योत दबली, पुन्हा आली. दांड्याच्या खिट्या ताणाने घट्ट बसल्या होत्या.

"रॉइस, वीतभर मागे घ्या! वीतभरच! बस!"

ताण सुटला. तिने हातोडीने एक खिटी पाडली, मग दुसरी. साखळ्या काढल्या, वायर उपटली. "आता जा पुढे! जा!"

घरगाडी पुढे सरकली. पांढरी गाडी दगडांवर टेकून जळत राहिली. कोणाला खरचटलंही नाही, फक्त अर्डिथचा उजवा तळवा भाजला होता. आम्ही चौघं रस्त्याच्या कडेला थंडीत उभे होतो. डेल्फा रडत होती. एका ट्रकवाल्याने खाली निरोप पोचवला. दीड तासाने अग्निशामक बंब आला, तेव्हा विझवायला फारसं उरलं नव्हतं.

रॉइसने जळक्या गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "काल तुम्हीच म्हणालात ना, खुशाल ओढा म्हणून?"

मी मध्ये पडले. "तुमच्या ऐकण्यात काहीतरी..."

"गप्प बस, मर्ना." अर्डिथ त्याच्याकडे वळली. "मीच म्हणाले. पुस्तक न उघडता म्हणाले. चूक माझी आहे."

त्याने मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने तिच्या हाताकडे बघितलं आणि स्वतःचा रुमाल तिला दिला.

परतताना मी चालवत होते. ती भाजलेल्या तळव्यावर रुमाल धरून बसली होती. तळाच्या फाटकाशी म्हणाली, "तुला माहीत होतं."

"काय?"

"बावळटासारखं विचारू नकोस. कधीपासून?"

"जूनपासून."

"जूनपासून." ती रस्त्याकडेच बघत होती. "तीन महिने होऊन गेले. आणि लोक मला विचारायला येत होते. तू त्यांना माझ्याकडे पाठवत होतीस."

मी पाठवत होते, हे खरं होतं. ऑफिसात कोणी विचारलं की मी खिडकीतून बोट दाखवायची, त्या बाईंना विचारा.

त्याच आठवड्यात तिने भाचीला फोन केला. मायनॉटच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला भाचीकडून कळलं, आणि ते ऐकायची गरज नव्हती. घरगाडी तिने विकायला काढली. जाताना माझ्याशी नीट बोलली, मिठीही मारली, पण पूर्वीसारखी नाही. तिने मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. कारण तेव्हा उत्तर देणारी कोणती अर्डिथ असेल, हे मला सांगता येत नव्हतं.

आता दर रविवारी दुपारी तिचा फोन येतो. हवामान विचारते, तळावर किती गाड्या आहेत विचारते. मग आवाज थोडा खाली करते.

"ते आर्कान्साचे लोक. घाटात गेलेले. त्यांना कोणी थांबवलं का गं?"

"थांबवलं, अर्डिथ. तूच थांबवलंस."

"मी?" ती म्हणते. "नाही गं. मी तर त्यांना जा म्हटलं."