कुलूपसर

"पाठ फिरवा!" म्हटलं की आमचा अख्खा वर्ग भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. एक जण कॉम्प्युटरवर पासवर्ड टाकायचा आणि तो टाकून होईपर्यंत मान वळवायची नाही, हा कुलूपसरांचा कायदा. हसून हसून आमची पोटं दुखायची. गोंडपिपरीच्या आमच्या शाळेत इंटरनेट नुकतंच आलं होतं आणि ते शिकवायला सर चिमूरहून आले होते. त्यांचे अब्बा तिथल्या बाजारात कुलुपं दुरुस्त करायचे, म्हणून हे नाव.

"पासवर्ड मायलेही सांगायचा नाई, बेटा," ते म्हणायचे. आता हे आमच्याकडे पटावं कसं? शेतावर जाताना आमच्या गावात दाराला नुसती कडी घालतात. कुलूप लावलंच तर शेजारीण विचारते, काऊन बाई, आमच्यावर भरोसा नाई का? मैत्रिणीपासून पासवर्ड लपवणं म्हणजे तिला चोर म्हणणं. मधल्या सुट्टीत पोरंपोरी एकमेकांना पासवर्ड सांगून मोकळी व्हायची. सरांनी कपाळावर हात मारला, सगळ्यांना नवे घ्यायला लावले. दुसऱ्या दिवशी नवेही सगळ्यांना पाठ. मी पहिल्यापासून तिरसट, मी सांगितला नाही, तर मला घमेंडी ठरवलं.

आमच्या वर्गातली वंदना सगळ्यांची लाडकी. दहावीनंतर हिला चंद्रपूरला शिकायला पाठवा, असं सरांनी तिच्या वडिलांना सांगून ठेवलं होतं आणि तेही तयार होते. मग एक दिवस तिच्याच इंटरनेटवरच्या खात्यावरून टाकलेला तिचा फोटो आणि खाली नको ते घाणेरडं लिहिलेलं सगळ्या गावाने मोबाइलवर पाहिलं.

वडील शाळेत आले. हे हिने लिहिलेलं नाही, ज्यांना पासवर्ड माहीत होता त्यांतल्या कोणाचं तरी काम आहे, असं सर कळवळून सांगत होते. वडिलांनी विचारलं, कोणाले माहीत होता? सरांनी वर्गाकडे पाहिलं. सगळ्या माना खाली. ज्या मेल्याने केलं तो त्या माना खाली घालणाऱ्यांतच होता. त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

वडिलांनी तिची शाळा बंद केली, तेव्हा सर तिच्या घरी गेले. तिची परीक्षा तरी होऊ द्या म्हणून हात जोडले. वडिलांनी त्यांना खाटेवर बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "सर, तुमी चांगले मानूस आहा. पण तुमची मशीन आली नसती तं माही पोरगी आज शाळेतच असती." सरांनी चहा संपवला आणि ते उठून आले.

दहावीच्या आधीच वंदनाचं लग्न लांब जिवतीकडच्या एका गावात लावून दिलं. कॉम्प्युटरची खोली मुलींना बंद झाली. पुढच्या वर्षी शाळेने सरांना बोलावलं नाही. ते अब्बांच्या दुकानात बसतात, एवढंच कानावर आलं.

बऱ्याच वर्षांनी बसस्टँडवर वंदना भेटली. कडेवर पोर, हातात मोबाइल. माझा नंबर घ्यायला ती मोबाइलचा पासवर्ड टाकू लागली आणि मी सवयीने पाठ फिरवली.

"फिरली काऊन?" ती म्हणाली. "घरी सासूले, नवऱ्याले, सगळ्यायलेच माहीत हाय. माह्याजवळ लपवासारखं काय राह्यलं आता?"

तरीही मी वळले नाही. डोळे पुसून होईपर्यंत तशीच उभी राहिले.