नापास होण्याचा नवस

वेल्डिंगमध्ये पदवी मिळते हे मला बारावीच्या निकालानंतर कळलं, आणि ती मी घेतोय हे पुढची तीन वर्षं मला कुणाला धड सांगता आलं नाही. कामोठ्याच्या आमच्या सोसायटीत लिफ्टमध्ये कुणीतरी विचारायचं, "काय करतोस रे सध्या?" मी म्हणायचो, "बी.व्होक." "म्हणजे नक्की काय?" "वेल्डिंग." "अच्छा, आयटीआय." "नाही, डिग्री." तेवढ्यात त्याचा मजला यायचा. त्या लिफ्टमधल्या एकाही माणसाला माझं शिक्षण शेवटपर्यंत कळलं नाही आणि मला त्या सगळ्यांचा राग यायचा. खरं तर राग माझा मलाच यायचा, कारण मलाही ते कळलेलं नव्हतं.

नेरूळच्या कॉलेजात सकाळी आम्ही इस्त्रीच्या शर्टात बसून धातूशास्त्र आणि इंग्रजी संभाषण शिकायचो. डबा खाऊन झाला की तो शर्ट काढायचा, जाड सुती डगला आणि चामड्याचे हातमोजे चढवायचे आणि वर्कशॉपमध्ये जायचं. सकाळच्या मॅडम सांगायच्या, तुम्ही उद्याचे मॅनेजर आहात, खुर्चीत ताठ बसायला शिका. दुपारचे सर सांगायचे, ताठ बसलास तर हात थरथरेल, कोपर मांडीला टेकव. एक ना धड, भाराभर चिंध्या, असं आमचं चाललं होतं. घरी जाताना बसमध्ये मी कसा बसायचो ते आठवत नाही, बहुधा वाकडाच.

अण्णा, म्हणजे माझे वडील, वाशीच्या बटाट्याच्या मार्केटात माथाडी. विशीत साताऱ्याकडून आले आणि तेव्हापासून पाठीवर पोती वाहतायत. त्यांच्या टोळीतल्या बऱ्याच जणांनी आपली जागा मुलाला दिली. अण्णांनी तो विषयच निघू दिला नाही. "माज्या पाठीवर बसून तू शाळा केलीस. आता तुज्या पाठीवर काय बसायचं न्हाई," असं ते म्हणायचे. माझ्या कोर्सच्या नावातला 'डिग्री' एवढाच शब्द त्यांनी ऐकला होता. पुढचा भाग त्यांनी सोयीनं कानाआड केला.

पहिल्याच वर्षी तो भाग त्यांच्यासमोर आला. तोंडासमोरची काळी काच खाली करायच्या आधीच मी दोन-तीनदा आर्क, म्हणजे जोडकामाची झगझगीत ज्योत, पेटवला आणि संध्याकाळी घरी आलो तेव्हा डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं होतं. अण्णांनी पिशवीतला बटाटा काढला, चकत्या कापल्या आणि माझ्या पापण्यांवर ठेवल्या. कोणी सांगितलं होतं कोण जाणे, पण गार वाटलं.

"डिग्रीत डोळं जात्यात व्हय रं?"

"जात नाहीत. सुजतात कधीकधी."

"मग ती डिग्री कसली," असं म्हणून ते आत गेले. चकत्यांखाली डोळे मिटून मी तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो, खरंच, ही डिग्री कसली.

गोची अशी होती की मला ते काम आवडायला लागलं. रॉडच्या टोकाशी वितळलेल्या लोखंडाचं एक छोटं डबकं होतं, आणि त्याच्याकडे बघत बघत ते पुढे न्यायचं, एवढंच काम. तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही राहत नाही, ना लिफ्ट, ना मॅनेजर. वर स्लॅग जमतो, म्हणजे मळीची काळी कडक पापडी. ती हातोडीनं टिचकावून, तारेच्या ब्रशनं घासून साफ करायची आणि मगच वर दुसरा थर द्यायचा. हात चांगला चालला असेल तर ती पापडी आपसूक सुटून येते. माझी बऱ्याचदा तशी यायची. आमचे सर शाबासकी देणाऱ्यातले नव्हते. ते इतरांच्या जोडलेल्या लोखंडी प्लेटपाशी थांबून चुका सांगायचे, माझ्या प्लेटवरून बोट फिरवून पुढे जायचे. मला त्याचा फार आनंद व्हायचा, आणि आनंद झाला की लगेच अण्णांची आठवण यायची.

शेवटचं सत्र तळोज्याच्या एका कारखान्यात काढायचं होतं. त्यासाठी सरांनी नियम सांगितला. सगळ्यांनी दोन तुकडे जोडून एक प्लेट करायची, तिची पट्टी कापून दाबाखाली घोड्याच्या नालासारखी वाकवायची. जोड उघडला नाही तर पास, आणि पास होणारे जोडकामावर जातील. उरलेले जातील तपासणी खात्यात, कागद आणि मोजपट्टी घेऊन दुसऱ्यांचे जोड बघायला. कुणीतरी विचारलं, "सर, हे उलटं नाही का?" सर म्हणाले, "डिग्री सगळ्यांनाच मिळणार आहे. हात सगळ्यांना नसतो. ज्याला हात आहे तो पुढे तपासणीलाही जाईल. तिथून इकडे मात्र कोणी येत नाही."

हे मी घरी सांगितलं तेव्हा अण्णा चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

"म्हंजे पास झाला तर कामगार, आन् नापास झाला तर सायब?"

"साहेब नाही हो. तपासणी."

"टोपी कंची?"

"तपासणीला पांढरं हेल्मेट. जोडकामाला पिवळं."

त्यांनी बशी पुन्हा उचलली. दोन दिवसांनी आई कणीक मळता मळता हळूच म्हणाली, "कोपऱ्यावरच्या मारुतीला नवस बोललेत, तू नापास व्हावास म्हणून. तुला सांगू नको म्हणालेत." मी हसलो. तीही हसली. मग ती म्हणाली, "तू आपला पेपर नीट दे." मी म्हणालो, "पेपर नाही, प्लेट आहे." "तेच ते," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली.

हसण्यावारी नेलं खरं, पण ते डोक्यातून जाईना. रोज सकाळी आई अण्णांच्या पाठीला बाम चोळते. खांद्याखालचा चामड्यासारखा झालेला भाग मी लहानपणापासून बघत आलोय. त्या माणसाला घरात पांढरी टोपी बघायची होती, त्यात त्याचं काय चुकलं? आणि मला वितळलेल्या लोखंडाकडे बघायचं होतं, त्यात माझं तरी काय चुकलं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. तो आठवडाभर मी सरांवर चिडलो, मारुतीवर चिडलो, एकदा उगाच आईवरही चिडलो.

परीक्षेच्या दिवशी पहिला थर उत्तम गेला. दुसराही. मध्ये रॉड संपला, मी नवीन लावला, तो थर पूर्ण केला. पापडी काढली. जिथे रॉड बदलला होता तिथे कडेच्या खाचेत थोडी अडकून राहिली होती. ती मला दिसली. म्हणजे, दिसली असं मला वाटतं. ब्रश डाव्या हातात होता. घाई नव्हती, कोणी हाक मारली नव्हती. मी काच खाली केली आणि वरून तिसरा थर दिला. तेव्हा मनात काय होतं, हे मी पुढे कितीदा तरी आठवून पाहिलंय. दर वेळी वेगळं आठवतं. कधी वाटतं नजरचूक झाली, कधी वाटतं मी ती जपून ठेवली.

पट्टी वाकत असताना नेमकी तिथेच उघडली. सरांनी ती हातात घेतली, उजेडाकडे धरली. आत काळी रेघ होती, केसाएवढी. या वेळी सर माझ्यापाशी थांबले.

"तुझ्या जोडात स्लॅग?"

"राहिला सर."

"राहिला," ते म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहून पुढच्या मुलाकडे गेले. मला एवढी लाज कधी वाटली नव्हती, आणि ती कशाची हे मला सांगता आलं नसतं.

घरी सांगितलं तसे अण्णा खाली गेले आणि पेढ्यांचा मोठा पुडा घेऊन आले. आधी मारुती, मग शेजारी, मग लिफ्टमध्ये जो भेटेल तो. लोक विचारायचे, कशाबद्दल? "पोरगा तपासणीला लागला," अण्णा सांगायचे. नापास झालो म्हणून पेढे वाटले गेलेला सोसायटीतला मीच पहिला असणार. सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. वेल्डिंग, डिग्री, आयटीआय, कुणी काही विचारलं नाही. तपासणी हा शब्द त्यांना लगेच कळला.

पुडा अर्धा झाला तेव्हा अण्णा माझ्या समोर येऊन बसले. सहज, गप्पा मारायला.

"पण चुकलं कुटं?"

मी सांगितलं. थर कसा देतात, पापडी कशी जमते, ती काढली नाही तर जोड आतून कसा पोकळ राहतो. स्वतः हातांनी काम करणारा माणूस ऐकतो तसं ते ऐकत होते, मध्ये न बोलता.

"ती पापडी रोज काढतूस न्हवं?"

"रोज."

"आन् आज राहिली."

"राहिली."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग स्वयंपाकघराच्या दिशेनं मान करून त्यांनी मला विचारलं, "आईनं सांगितलं हुतं तुला?"

आत भांड्यांचा आवाज थांबला. मी मान डोलावली. अण्णांनी पुड्याचा कागद दुमडला, सुतळी हातात घेतली, पण बांधली नाही. ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते ओशाळले होते. माझ्या वडलांना ओशाळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते अजिबात बघवलं नाही.

"परत द्याया मिळती का?"

"मिळते. एकदा. सोमवारी."

त्यांनी सुतळी बोटाला गुंडाळली. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी टीव्ही चालू होता.

"मी मारुतीला इचारलं, तुला न्हाई इचारलं," ते म्हणाले. "आता जाऊन त्याला काय सांगू, ते तू सांग."

मला काय हवंय याची खात्री नव्हती. त्या तिसऱ्या थराबद्दल तर आजही नाही. पण कोणीतरी पहिल्यांदाच मला ते विचारलं होतं.

"पास," मी म्हणालो.

अण्णा गुडघ्यावर हात टेकून उठले, चपला घातल्या आणि देवळाकडे निघाले.