रेसवरचा पाय

माझा स्वभाव तापट. हडपसर सोडून सासवड रस्त्याला लागलं की माझं ट्रकचं गॅरेज आहे. तिथली कुत्रीसुद्धा माझ्या शिव्यांना सरावली आहेत. त्यामुळे ते ड्रायव्हरकाका तिसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन आले, तेव्हा मी फाडकन बोललो, "काका, गाडीला काहीही झालेलं नाही. उगाच माझं डोकं खाऊ नका."

तक्रार अशी, की सकाळी माल भरून निघालं की गाडी ओढायची नाही. रेस कितीही दाबा, इंजिन आपलं जेमतेम रांगणार. आणि दुपारी माझ्याकडे आणली की तीच गाडी शहाण्यासारखी पळायची. स्कॅनर लावला की रेसच्या पॅडलचा जुना एरर दिसायचा. या नव्या ट्रकांत रेसला केबल नसते. पाय किती दाबला, हे दोन सेन्सर इंजिनच्या कॉम्प्युटरला कळवतात, आणि दोघांचं जुळलं नाही की तो ताकदच तोडतो. मी दर वेळी एरर पुसला, एक चक्कर मारून आणली. एकदम ओके! ट्रकमालक शेठचा फोन आला तेव्हा मी सांगून मोकळा झालो, "गाडीत फॉल्ट नाही."

शेठनी सरळ हिशेब केला: गाडीत नाही, म्हणजे ड्रायव्हरच्या पायात आहे. काकांचं वय साठीला टेकलेलं. गाडी माझ्याकडे लावून ठेवायची, उद्या दुपारी नवा ड्रायव्हर येऊन नेईल, असा निरोप आला.

काका संध्याकाळी सळयांनी भरलेली गाडी घेऊन आले. "शेठ म्हनत्यात, पाय गेला," एवढंच बोलले आणि केबिनमध्येच मुक्काम केला. मला जेवण गेलं नाही.

सकाळी शटर उघडायला गेलो, तर काका सीटवर मांडी घालून बसलेले. डॅशबोर्डवर अंगठ्याएवढा पितळी बाळकृष्ण, आणि काका त्याच्यावर पळीपळीने पाणी घालत होते. पाणी काचेलगतच्या हवेच्या जाळीतून झिरपत आत चाललं होतं.

"अहो काका! काय करताय काय?" मी ओरडलोच.

ते दचकले. "आंघोळ घालतोय. घरी माझी कारभारीन घालायची रोज. ती गेली, मी हा असा फिरस्ता, म्हनून ह्याला संगं घेतला. लेकरू हाय, पारोसं कसं ठेवू?"

मी वर चढून चावी फिरवली. चेक लाइट लगेच पेटली. खालचं पॅनल खोललं, तर पाणी वायरीवरून ओघळत थेट पॅडलच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडात उतरलेलं. पिना हिरव्या पडलेल्या, वर चक्क अष्टगंधाचा थर. सकाळी भिजायचं, दुपारपर्यंत उन्हानं सुकायचं. तीनदा स्कॅनर लावला, पण वाकून तो कपलर मी एकदाही खोलला नव्हता. अक्कल गहाण टाकली होती मी!

कारण सापडल्याच्या आनंदात मी बडबडत सुटलो. काकांनी मध्येच विचारलं, "म्हंजी पायात काय न्हाई?"

"कपलर नवा टाकू, वायर सुकवू, झालं काम."

"माझ्या पायात काय न्हाई ना पन?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शेठचं सोडा, खुद्द काकांनीच ते खरं मानलं होतं. महिनाभर रोज पायाला तेल चोळत होते म्हणे. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मी त्यांचा हात धरला. "काका, पाय ठणठणीत आहे तुमचा. चुकलो मी."

शेठनाही तेच सांगितलं, आंघोळीसकट. ते हसले नाहीत. म्हणाले, "भरल्या गाडीनं दिवे घाट चढवून दाखवा. चढली तर गाडीवर तेच राहतील."

काम उरकून निघालो. मी शेजारी बसलो, मुठीत बाळकृष्ण. घाटात ऐन वळणावर पुढचा टेम्पो थांबला आणि चढावर आम्हालाही थांबावं लागलं. काकांचा पाय ब्रेकवर, माझी नजर त्या पायावर. टेम्पो हलला. काकांनी क्लच सोडत रेस दाबली, आणि गाडी वीतभरही मागे न सरकता उचलली गेली. "शाब्बास!" मी ओरडलो.

वर पोचल्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली. आता शेठना फोन लावा म्हणतील, म्हणून मी मोबाइल काढला. पण त्यांनी माझ्या हातातला बाळकृष्ण घेतला, उपरण्यानं पुसला आणि तोंडाजवळ धरून हळूच म्हणाले, "अगं, ऐकलंस का? पाय शाबूत हाय माझा."