देवाच्या घोड्याचा मानकरी

बसरेवाले आबा जेवायला बसले की घराचं दार सताड उघडं ठेवायचे. नुसतं उघडं नव्हे, ताट घेऊन उंबऱ्याशीच बसायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला त्यांची भाकरी दिसायची, कालवण दिसायचं. वडूजच्या बाजूच्या त्या गावात मी शाळेची बाई म्हणून नवीन आले होते. मिरजेत वाढलेल्या मला हा प्रकार अगदीच गावंढळ वाटे. एकदा मी म्हटलंच, "आबा, आत बसून निवांत जेवावं की." तर म्हणाले, "आडोशाला खाल्ल्यालं माझ्या अंगी लागत न्हाई, बाई." म्हातारा विक्षिप्त आहे, अशी मी मनाशी नोंद केली.

दुसरी त्यांची खोड म्हणजे भेटेल त्याला "खाल्लंस का?" विचारणं. मधल्या सुट्टीत ते काठी टेकत शाळेत येत आणि पोरांची फडकी सोडायला लावून कुणी काय आणलंय ते बघत. एकदा पडून गुडघा फुटलेलं पोर भोकाड पसरून रडत होतं. मी आयोडीन शोधत होते, तर आबांनी त्याच्या तोंडात गुळाचा खडा कोंबला. "आदी खा, मग रड." सगळा वर्ग हसला. मला मात्र रागच आला, कारण माझी शिस्त मोडत होती.

गावात त्यांना भलताच मान होता. पहिल्या महायुद्धात आबा आणि त्यांचा जिवलग दोस्त गणपत असे दोघे पलटणीतून इराकात, बसऱ्याच्या बाजूला गेले होते; त्यावरूनच ते बसरेवाले. कुत नावाच्या गावी तुर्कांनी त्यांच्या फौजेला महिनोन्‌महिने वेढा घातला. शिधा संपला, तेव्हा सरकारने घोडी कापून मांस वाटायला सुरुवात केली. आपल्या शिपायांनी ते नाकारलं. घोडा हे खंडोबाचं वाहन, ते खायचं कसं? शिवाय गावी कळलं तर लेकीबाळींना कोण करून घेणार? हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंनी परवानगी कळवली, तरी कित्येकांनी ते तोंडाला लावलं नाही. या दोघांनी तर खंडोबाचा भंडार उचलून ते न खाण्याची शपथ घेतली होती. पुढे फौज शरण गेली आणि कैदी म्हणून वाळवंटातून चालवत नेताना गणपत गेला. आबा परत आले. न बाटता जगला म्हणून गावाने जत्रेत देवाच्या घोड्याचा लगाम धरण्याचा मान त्यांना दिला. मी शिकवत होते त्या इतिहासाच्या पुस्तकात या लढाईची एक ओळसुद्धा नव्हती.

गणपतची बायको सरूकाकू. नवरा गेला तेव्हा ती परकरातली पोर होती. पेरणीला आबांचं औत आधी तिच्या रानात जायचं आणि मगच स्वतःच्या. पन्नासहून अधिक वर्षं हे चाललं होतं. लोक म्हणत, दोस्ती असावी तर अशी.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. गावाबाहेर खडी फोडायचं काम निघालं आणि शाळा बंद असताना मला हजेरीला बसवलं. मजुरांना दुपारी सुकडी, म्हणजे सरकारी गोड पीठ, मिळायची. ती वाटायचं काम बौद्धवाड्यातल्या शेवंताबाईकडे होतं. पहिले दोन-चार दिवस काहींनी नाकं मुरडली, पण भुकेपुढे ते टिकलं नाही. सरूकाकू तेवढी हटून बसली. घरात दाणा नव्हता, पाण्यावर दिवस काढायची आणि कामावर येऊन हातोडा उचलायची. मी समजावलं, रागावले. तिचं एकच म्हणणं, "माझा मालक मेला पर बाटला न्हाई. आन मी खाऊ व्हय?" शेवंताबाई तरीही रोज तिचा वाटा बाजूला काढून ठेवायची. रोजचा हा नकार ऐकून त्या बाईला काय वाटत असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही. आज त्याची लाज वाटते.

एका दुपारी काकू खडीच्या ढिगावरच कोसळली. पाणी मारून तिला बसवलं, पण सुकडी पुढे करताच तिने तोंड फिरवलं. तेवढ्यात आबा आले. तिच्यासमोर उकिडवे बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वैनी, मी घोडं खाल्लं हुतं."

आजूबाजूचे हातोडे थांबले.

"रोज खाल्लं. भिताडाआड जाऊन, पाठ फिरवून खाल्लं. गणपानं न्हाई खाल्लं. म्हणून त्यो तितं वाळूत ऱ्हायला आन मी हितं तुमच्याम्होरं हाय. दुसरं कायबी कारण न्हाई."

काकूने विचारलं, "त्यांना ठावं हुतं?"

"न्हाई. लपिवलं. येका जागी भंडार उचलला हुता, कुठल्या तोंडानं सांगू?"

"आवं भाऊजी!" काकू ओरडलीच. तिचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "तुमी सांगितलं असतं तर त्यांनीबी खाल्लं असतं की वं!"

आबांनी मान खाली घातली. "व्हय. खाल्लं असतं."

मग काकूनेच शेवंताबाईपुढे हात केला, "दे बाई," म्हणाली, आणि रडत रडत सुकडी खाल्ली.

त्या वर्षीच्या जत्रेत लगाम दुसऱ्याच्या हाती गेला. मी पंचांशी जाऊन भांडले. एका म्हातारीचा जीव वाचवला त्याची ही बक्षिशी का, असं विचारलं. आबांनाच माझी समजूत घालावी लागली. "बरं झालं, बाई. इतकी वरसं खोट्यानं धरला म्या त्यो लगाम." पण त्यांना खरा घोर वेगळाच होता. काकूने त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. औत तेवढं ती रानात येऊ द्यायची. मी तिच्याकडे रदबदली करून पाहिली, तर तिने मलाही दारातूनच परत पाठवलं.

पुढे माझी सांगलीला बदली झाली. दोनेक वर्षांनी आबा गेल्याचं पत्र आलं. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांच्या ओसरीत सरूकाकू एकटीच भांडी घासत बसली होती. ती इथे कशी, हे मला कळेना. तिने हात धुतले, मला बसायला घोंगडं दिलं.

"त्यांची सून म्हायेरी गेली, तवापास्नं मीच वाढत हुते त्यांना," ती म्हणाली. "त्या दिशी दोन भाकरी खाल्ल्या, वर ताक प्याले, आन भिंतीला टेकून बसले त्ये बसलेच."

जरा वेळाने पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "येकाला तरी म्या पोटभर जेवू घालून धाडलं, बाई."